घोडामैदान दूर नाही, तिथेच जाऊन पाहा

वाचकाचं पत्र

माझ्याकडे नऊ वर्षांची घोडी आहे. दोन वर्षांपूर्वी रानवाटांवर रपेटीसाठी घेतली. सोबत दुसरा घोडा असला की छान चालते. एकटी काढली की अर्ध्या किलोमीटरवरच्या वळणावर थांबते, मागे फिरते, जोर केला तर पुढचे पाय उचलते. घरी मुलीचा एक म्हातारा घोडा आहे, त्याला सोडून तिला जायचं नसतं असं वाटतं. माझं वजन ८२ किलो, खोगीर आणि बाकी सामान १२ किलो. घोडीच्या छातीचा घेर १६५ सेंटीमीटर, लांबी १५०. तिला आसपासच विकून एखादा शांत घोडा घ्यावा म्हणतो. जवळचा एक व्यापारी अदलाबदलीत, वर थोडे पैसे घेऊन, सहा वर्षांचा घोडा द्यायला तयार आहे. ‘लहान मुलंही बसतात याच्यावर’ असं म्हणतो. घोडीच्या सवयीबद्दल गिऱ्हाइकानं विचारलंच नाही, तर सांगायला हवं का? आणि नवा घोडा पारखायचा कसा?

उत्तर

घेर आणि लांबी लिहिलीत हे फार बरं केलंत. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, याचा अंदाज त्या दोन आकड्यांवरून येतो.

छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. वजनकाट्याशिवाय घोड्याचं वजन काढायची ही नेहमीची रीत. घेर मोजायचा पुढच्या पायांच्या कोपरांमागून, घोड्यानं श्वास सोडल्यावर. लांबी मोजायची खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागे ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत. तुमच्या घोडीचं वजन येतं साधारण ३४४ किलो. तिच्या पाठीवर जातात ९४ किलो, म्हणजे तिच्या वजनाच्या २७ टक्के. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास राहावं, असं सर्वसाधारणपणे मानतात. आखूड रुंद पाठीचा, जाड हाडाचा घोडा थोडं जास्त पेलतो, लांब पाठीचा किंवा अशक्त घोडा तेवढंही नाही. पण चढउताराच्या वाटेवर २७ टक्के हे कुठल्याही हिशेबानं जास्तच.

म्हणून विकण्याआधी एक साधी चाचणी करा. खोगीर न घालता, नुसती म्होरकी आणि दोर लावून तिला त्याच वळणापर्यंत आणि पुढे अर्धा किलोमीटर चालवत न्या. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी न्या. हातात दोर धरून ती मुकाट पुढे जात असेल आणि पाठीवर बसलात की अडत असेल, तर दोष पाठीत, खोगिरात किंवा ओझ्यात शोधा. दोर धरूनही मागेच खेचत असेल, हाका मारत असेल, तर जोडीदाराची ओढ खरी. दोन्ही एकत्र असणंही शक्य आहे. सोबतीत असताना घोडा बरंच दुखणं रेटून नेतो, एकटा निघाला की तेच दुखणं अडण्याच्या रूपानं बाहेर येतं.

खोगिराचीही परीक्षा घ्या. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या रपेटीनंतर ते उतरवा आणि खालचा घाम पाहा. दोन्ही बाजूंना सारखी ओल असली तर ठीक. ओल्या भागात मधेच कोरडा ठिपका दिसला, तर तिथे एकतर दाब फार आहे नाहीतर खोगीर टेकतच नाही. खांद्यावरच्या उंचवट्यापाशी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथे पूर्वी कधीतरी खोगीर लागलेलं आहे. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यापासून चार बोटं सोडून, बोटांच्या टोकांनी सावकाश दाबत मागे जा. घोडी पाठ खाली घालते, कान मागे टाकते किंवा स्नायू थरथरवते ती जागा पशुवैद्याला दाखवा. दात आणि तोंडातलं कडियाळं (लगामाची लोखंडी कांडी) हेही त्याच भेटीत तपासून घ्या. घोडीचं माजावर यायचं चक्र साधारण २१ दिवसांचं असतं. अडण्याचे दिवस वहीत लिहिलेत तर ते त्या चक्राशी जुळतात का, तेही कळेल.

पाठ दुखत नसेल, किंवा दुखणं बरं झालं असेल, तर पन्नास-पंचावन्न किलोचा, मांड पक्की असलेला स्वार तिच्यावर तीन-चार आठवडे बसवून पाहा. ५५ आणि १२ मिळून ६७ किलो, म्हणजे तिच्या वजनाच्या साडेएकोणीस टक्के. ती एकटी जाऊ लागली, तर तुमच्या हातात ‘अडेल घोडी’ नाही, ‘हलक्या स्वाराची घोडी’ आहे. विकताना या दोन्हींच्या किमतीत बराच फरक पडतो.

सांगायचं की नाही

सांगायचंच, गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी. पुढचे पाय उचलणारा घोडा तोल जाऊन मागे पडतो, आणि त्याच्याखाली स्वार असतो. ही गोष्ट लपवली तर कायदा काय म्हणेल ते जागोजागी वेगळं असेल, पण जवळपास विकलेला घोडा तुमच्या नजरेआड होत नाही. त्याच वाटांवर, त्याच नालबंदाकडे, त्याच पशुवैद्याकडे तो पुन्हा दिसतो. दुसरा घोडा विकायची वेळ येते तेव्हा पहिल्याची हकीकत तुमच्या आधी तिथे पोचलेली असते.

सांगायचं म्हणजे रडायचं नाही. जाहिरातीत असं लिहा: “घोडी, ९ वर्षं, अंदाजे ३४४ किलो. स्वार आणि सामान मिळून ७० किलोपर्यंतच. सोबतीत पुढे, मधे, मागे कुठेही चालते. एकटी काढल्यावर घरापासून अर्ध्या किलोमीटरवर थांबायची, जोर केल्यावर पुढचे पाय उचलायची. अमुक तारखेला पाठ आणि दात तपासले. हलक्या स्वाराखाली सध्या एकटी इतके किलोमीटर जाते. नवशिक्यांसाठी नाही.” शेवटचं वाक्य वाचून निम्मी माणसं फोनच करणार नाहीत. तोच त्याचा उपयोग.

फोटो सपाट जमिनीवर, बाजूनं, चारही पाय दिसतील असा काढा. व्हिडिओत गवतातून पकडणं, खूर उचलणं, खोगीर चढवणं, दोर धरून दुडकी, वाहनाशेजारून जाणं आणि ते वळण हे सगळं हवं. गिऱ्हाईक आलं की आधी तुमचा माणूस बसेल, मग ते. हेल्मेटशिवाय कोणालाही बसू देऊ नका. पाहुणे येणार म्हणून सकाळी घोडीला दमवून ठेवू नका, जाणकाराला ते लगेच कळतं.

किंमत ठरवताना लोक मागतात किती हे पाहू नका, सौदे कितीला झाले ते विचारा. हे जाहिरातींत कळत नाही. नालबंदाला मात्र पक्कं ठाऊक असतं, कारण घोडा कुठून कुठे गेला हे त्याच्या हाताखालून जातं. घोडी कोणाला शोभेल, हेही तोच सांगेल.

अदलाबदल टाळा. त्यात दोन किमती एकमेकींच्या आड लपतात. तुमची घोडी त्यानं कितीला धरली आणि त्याचा घोडा कितीला लावला, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. घोडा नंतर परत करायची वेळ आली, तर तुमची घोडी तोवर तिसऱ्याच्या दारात गेलेली असते.

व्यापाऱ्याचा घोडा

खिशात मोजपट्टी घेऊन जा आणि सगळ्यात आधी तीच काढा. ९४ किलोंसाठी तुम्हाला साधारण ४७० किलोचा घोडा हवा. घेर १८५ आणि लांबी १६५ असली की वजन ४७५ किलोच्या आसपास येतं. आकडा यापेक्षा बराच खाली आला, तर घोडा कितीही गोड असो, चहा पिऊन परत या. तुमचाच पहिला सौदा पुन्हा कशाला करायचा?

वय दातांवरून ताडून घ्या. पुढचे कायमचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं येतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. खालच्या मधल्या जोडीतले खळगे सहाव्या वर्षाच्या सुमारास झिजून जातात, त्याच्या बाजूच्या जोडीतले सातव्या, कडेच्या जोडीतले आठव्या. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून खाली उतरणारी उभी खाच दिसली, तर घोडा दहाच्या आसपासचा किंवा पुढचा आहे. ती दातावर निम्मी उतरली की पंधरा. चारा आणि सवयी यांनुसार यात एकदोन वर्षं इकडेतिकडे होतात, पण सहा आणि दहा यांतला फरक लपत नाही. वरच्या पुढच्या दातांची कड विचित्र झिजलेली असेल, तर लाकूड धरून हवा गिळायची सवय असू शकते. तेव्हा गोठ्याची फळी, दाराची कड याही पाहून घ्या.

घोडा खरोखर सहाचाच असेल, तर माझं मत थोडं उलट आहे. एकट्यानं वाटा तुडवायला निघालेल्या स्वारासाठी आठ ते पंधराचा, दोन-तीन वर्षं हेच काम केलेला, खच्ची केलेला घोडा बरा. अंडील (खच्ची न केलेला) घोडा सोबतीच्या रपेटीत नकोच. ‘लहान मुलं बसतात’ हा दाखला अंगणातला आहे. तिथे कोणीतरी दोर धरलेला असतो आणि तबेला दहा पावलांवर असतो. तुमचा प्रश्न अर्ध्या किलोमीटरवर सुरू होतो.

जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा: घोडा गवतात सोडलेला असू द्या, आमच्यासमोर पकडा, आमच्यासमोर खोगीर चढवा. पोचल्यावर पाठ ओली किंवा तंगाच्या (खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याच्या) जागेचे केस चिकटलेले दिसले, तर त्याला आधीच फिरवून शांत केलंय. डोकं खाली, खालचा ओठ लोंबता, पाय अडखळते, लिंग बाहेर लोंबलेलं, आवाजाकडे कान वळत नाहीत, अशी लक्षणं गुंगीच्या औषधाची असू शकतात. त्या दिवशी बसू नका.

लंगडणं पाहायला कडक, सपाट जमीन हवी. दोर सैल सोडून तीस मीटर दूर आणि परत दुडकीनं पळवायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, धडधाकट पाय टेकताना खाली येतं. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. नंतर लहान वर्तुळात डावीकडे आणि उजवीकडे. सरळ रेषेत न दिसलेलं दुखणं वर्तुळात उघडं पडतं, कारण आतल्या पायावर भार वाढतो. चारही खूर हातानं चाचपा. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम वाटला किंवा तिथल्या घोट्यामागची नाडी ठोके देत असली तर थांबा. खुरावरच्या आडव्या रेघा टाचेकडे रुंद होत गेल्या असतील, तर लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराची दुखरी सूज) होऊन गेल्याचा संशय घ्या. नाल कधी मारली तेही विचारा. सहा ते आठ आठवड्यांनी काम व्हायला हवं. कालच नवी नाल आणि खाली पॅड दिसलं, तर ‘का?’ हे विचारायला लाजू नका.

आता वाटेवर

आधी मालक दहा मिनिटं बसेल. तो बसायला तयार नसेल, कारण काहीही असो, तुम्हीही बसू नका.

मग तुम्ही. चढताना घोडा लगाम सैल असूनही उभा राहतो का, हे पाहा. चाल, थांब, चार पावलं मागे, दोन्हीकडे वळण एवढं अंगणात पुरे. बाहेर पडताना दुसरा घोडा सोबत घ्या आणि जागा बदलत राहा: पुढे, मधे, शेवटी. पुष्कळ घोडे मधे देव असतात आणि शेवटी राहिले की धावत सुटतात. एका वळणावर सोबत्याला दिसेनासं होईपर्यंत पुढे जाऊ द्या आणि तुमचा घोडा साठ आकडे मोजेपर्यंत जागेवर उभा करा. एखादं पाऊल हलला, एकदा खिंकाळला तरी चालेल. गिरक्या घेऊ लागला तर नाही.

त्यानंतर एकटे दोन-तीन किलोमीटर जा. चढण, उतार, ओढा, पूल, मागून येणारं वाहन, भुंकणारं कुत्रं यातलं जे वाटेत भेटेल ते भेटू द्या. बुजणं वाईट नाही. बुजल्यावर थांबून पाहतो की उधळतो, हे महत्त्वाचं. उतारावर लगाम सैल ठेवा, तो मागचे पाय पोटाखाली घेत सावकाश उतरतो की पुढच्या पायांवर कोसळत जातो, हे पाठीला जाणवतं. अर्ध्या वाटेवर खाली उतरा, घोडा झाडाला दहा मिनिटं बांधा आणि साध्या जमिनीवरून पुन्हा चढा. वाटेवर तंग सैल होतो, नाल निघते, फांदी आडवी येते. उतरल्यावर परत चढू न देणारा घोडा मग घरापर्यंत चालतच न्यावा लागतो.

परत येताना तबेला दोनशे मीटरवर राहिला की मागे फिरा आणि पुन्हा बाहेरच्या दिशेनं पाव किलोमीटर जा. तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची परीक्षा हीच. चार पावलं कुरकुर करून वळणारा घोडा चालेल. इथे खांदा घालून घराकडे ओढणारा घोडा म्हणजे तुमच्याच घोडीची मोठी आवृत्ती.

उतरल्याबरोबर नाडी मोजा. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावा किंवा जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवा, १५ सेकंद मोजून चारनं गुणा. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. चांगल्या चढणीनंतर दहा मिनिटांत ती साठीच्या आसपास यायला हवी. लांब पल्ल्याच्या शर्यतींत पुढे जाऊ देण्याची मर्यादा सहसा ६४ असते. नाडी उतरत नसेल तर घोडा अशक्त, सराव नसलेला किंवा दुखावलेला असू शकतो. दुडकीच्या सुरुवातीलाच खोकला आला तर तेही वैद्याला सांगा.

जवळपास घोडा घेण्याचा खरा फायदा यापुढे आहे: तुम्ही पुन्हा जाऊ शकता. दुसऱ्या सकाळी, घोडा तबेल्यातून निघताना पाहा. कालच्या श्रमानं आखडलेला घोडा तेव्हाच दिसतो. मग तीन-चार दिवसांनी वेळ न सांगता जा. वेदनाशामकाचा अंमल तोवर उतरलेला असतो.

पशुवैद्य विक्रेत्याचा नेहमीचा नको. लहान परिसरात हे अवघड जातं, तरी थोडा लांबून बोलवा. त्याला ‘घोडा पास आहे का’ असं विचारू नका. ‘९४ किलो, आठवड्यात तीन दिवस, चढउतार, याला झेपेल का’ असं विचारा. हृदय, फुप्फुसं, डोळे, सांधे वाकवून मग दुडकी, आणि रक्त. रक्तात घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी कॉगिन्स चाचणी करा, ग्लँडर्स (माणसालाही होऊ शकणारा घोड्यांचा जीवघेणा संसर्ग) आढळत असेल तिथे त्याचीही. औषधांच्या तपासणीसाठी एक वेगळा नमुना काढून ठेवायला सांगा. वाद झाला तरच तो तपासायचा, पण विक्रेत्यासमोर काढलेल्या नमुन्याचा धाक असतोच. मायक्रोचिप असेल तर मानेच्या डाव्या बाजूला स्कॅनर फिरवा आणि १५ आकडी क्रमांक कागदाशी ताडा.

कागद एका पानाचा चालेल. त्यात घोड्याची ओळख (रंग, खुणा, वय, चिप), किंमत, तारीख, आणि विक्रेत्यानं तोंडी सांगितलेलं सगळं: एकटा जातो, वाहनाला बुजत नाही, ट्रेलरमध्ये चढतो, लंगडल्याचा इतिहास नाही. लिहायला नको म्हणाला, तर ते तोंडी बोलणं विसरून जा. सात ते चौदा दिवसांची चाचणी मिळाली, तर त्या काळात चारा कोणाचा, वैद्याचा खर्च कोणाचा, घोडा दगावला तर कोणाचं नुकसान, हे आधीच लिहा. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय घोडा हलत नाही. विकताना तुम्हीही हाच नियम पाळा.

आता क्रम. घोडी आधी विकली तर म्हातारा घोडा एकटा पडेल आणि कुंपणाशी येरझाऱ्या घालून स्वतःला दमवेल. म्हणून आधी नवा घोडा आणा. त्याला तीन आठवडे वेगळा ठेवा, नजरेला दिसेल पण नाकाला नाक लागणार नाही अशा अंतरावर. बादली, ब्रश, दोर वेगळे. रोज दोनदा ताप मोजा: ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. स्ट्रँगल्सचा (ताप आणि जबड्याखाली गाठी आणणारा, घोड्यांत पसरणारा आजार) संसर्ग दिसायला ३ ते १४ दिवस लागतात, म्हणून एवढी सबुरी. विक्रेत्याकडून आठवड्याभराचा त्याचाच चारा मागून आणा आणि सात ते दहा दिवसांत हळूहळू तुमच्या चाऱ्यावर आणा. एकदम बदललात तर पोटदुखीचा धोका असतो. तिघं काही दिवस एकमेकांना रुळले की मग घोडी जाऊ द्या.

नवा घोडाही महिन्याभरात म्हाताऱ्याशी जोडी जमवणार. त्याला एकटं बाहेर जायची सवय आहे, ती तुमच्याकडे पहिल्या आठवड्यापासून चालू राहायला हवी. विलगीकरणात इतर घोडे भेटणार नाहीत अशा वाटेवर रोज वीस मिनिटं दोर धरून न्या, नंतर पाठीवर बसून. मुलीलाही तिचा घोडा आठवड्यातून दोनदा एकट्यानं काढायला सांगा, म्हणजे मागे राहायची सवय दोघांनाही होईल. आणि ते अर्ध्या किलोमीटरवरचं वळण पहिल्या दिवशी दोर धरूनच ओलांडा.